पुदिन्याचं तेल जंतू मारतं का, अँटिऑक्सिडंट आहे का: कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतः तपासायची पद्धत

दरवर्षी बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टची वेळ आली की चार-पाच जण तरी पुदिना घेतात, आणि घ्यावाच, बाजारातल्या एका जुडीत शिकायला भरपूर आहे. पण बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये शेवटचं वाक्य आधीच लिहून तयार असतं, की पुदिन्याच्या तेलात जंतूविरोधी आणि अँटिऑक्सिडंट असे दोन्ही गुण आहेत, मग सगळी धडपड ते वाक्य खरं करायची. मी हे इतक्यांदा करून बघितलंय की ठामपणे सांगते, ही दोन कामं एका बाटलीत सारखी नसतात. जंतूंचं काम तेल करतं, अँटिऑक्सिडंटचा मोठा वाटा मात्र पानातच राहतो, तेलाबरोबर येतच नाही. हे तुम्हाला तुमच्याच हाताने दिसावं म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी पुदिना कुठला ते ठरवा. आपल्याकडे भाजीवाल्याकडे जो मिळतो तो बहुतेक वेळा मेंथा स्पायकाटा, म्हणजे स्पिअरमिंट, त्याच्या तेलात कार्व्होन जास्त, मेंथॉल फारसं नसतंच, म्हणून चटणी खाऊन तोंड पेपरमिंटच्या गोळीसारखं गार पडत नाही. दुकानात "मिंट ऑइल" म्हणून जी बाटली मिळते ती बऱ्याचदा मेंथा आर्व्हेन्सिसची, ज्याची शेती उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं, रामपूर, संभल भागात होते, लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने काढलेली 'कोसी'सारखी वाणं तिथे लावतात, आणि त्या तेलात साधारण 70 ते 80 टक्के मेंथॉल असतं. तिसरं पेपरमिंट, मेंथा पिपेरिटा, त्यात मेंथॉल आणि मेंथोन दोन्ही. तिघांचे आकडे वेगळे येणार, म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं "पुदिना" लिहू नका, बॉटनीच्या सरांना फांदी दाखवून नाव पक्कं करून घ्या आणि फांदी वाळवून हर्बेरियम शीटवर, म्हणजे नमुना जपायच्या जाड कागदावर, लावून ठेवा.

तेल स्वतः काढायचं असेल तर क्लेव्हेंजर, म्हणजे वाफेने तेल वेगळं करायचं काचेचं उपकरण, लागतो, तो बहुतेक फार्मसी कॉलेजमध्ये असतो, नसेल तर शेजारच्या कॉलेजला पत्र द्या. सकाळी आणलेला पाला निवडून, धुऊन, सावलीत पसरून जरा मलूल होऊ द्या, उन्हात अजिबात नको. 2 लिटरच्या फ्लास्कमध्ये 200 ग्रॅम पाला, 1 लिटर पाणी, दोन-चार पोर्सिलीनचे तुकडे, आणि उकळी फुटल्यापासून 3 तास मंद आच. पाण्यावर फिकट पिवळा थर जमतो तेच तेल, 200 ग्रॅममधून जेमतेम अर्धा ते एक मिली निघतं, तेव्हा मनाची तयारी ठेवा, एका जुडीत प्रोजेक्ट होत नाही. वरचं तेल काढून त्यात चिमूटभर निर्जल सोडियम सल्फेट टाका, ते उरलेलं पाणी ओढून घेतं, मग तपकिरी बाटलीत फ्रीजमध्ये. बाटलीवर तारीख टाकाच.

विकत घेणार असाल तर दोन गोष्टी घरीच बघा. फिल्टर पेपरवर एक थेंब टाका, खरं सुगंधी तेल उडून जातं, पण पॅराफिन किंवा खाद्यतेल मिसळलं असेल तर दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच असतो. आणि आर्व्हेन्सिसची बाटली म्हणून घेतली असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी आत सुयांसारखे लांब पांढरे स्फटिक दिसले तर मेंथॉल आहे, काहीच नसेल तर मेंथॉल आधीच काढून घेतलेलं तेल तुमच्या हातात आलंय. पाण्यात टाकल्यावर सरळ विरघळलं तर ते तेल नाहीच, खाण्याचा इसेन्स आहे.

आता जंतू. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय घ्या, एक ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि एक ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दोघांची पेशीची आवरणं वेगळी, त्यामुळे तुलना करता येते. स्ट्रेन, म्हणजे ओळख पक्की असलेले जंतू, पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जंतूसंग्रहांकडून मागवता येतात. आणि हो, हे घरी करायचं काम नाही, कितीही साधं वाटलं तरी नाही.

डिस्कची पद्धत तुम्हाला माहीत असेलच: म्यूलर-हिंटन आगरची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची थाळी, 0.5 मॅकफारलंड (गढूळपणा मोजायचं प्रमाण) इतकं गढूळ जंतूंचं कल्चर, स्वॅब तीन दिशांनी फिरवायचा, 6 मिलीमीटरची कागदी डिस्क, तिच्यावर 10 मायक्रोलिटर तेल, 37 अंशांना 18 ते 24 तास, आणि सकाळी थाळी उलटी धरून वर्नियरने मोकळं वर्तुळ मोजायचं. तुलनेसाठी एका डिस्कवर जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आणि एक नुसती, तेल विरघळवायला जे वापरलं तेवढंच टाकलेली. तीन थाळ्या कराच, एका थाळीवर निकाल लिहू नका.

इथे माझी एक चूक सांगते, कारण ती सगळेच करतात. एमएस्सीला असताना मी एकाच थाळीत पुदिना, लवंग, ओवा आणि निलगिरी अशा चार डिस्क ठेवल्या, थाळ्या वाचतील म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तेल न टाकलेल्या डिस्कच्या भोवतीही वाढ विरळ, झाकण उघडलं की ओव्याचा भपकारा! ही तेलं उडतात, झाकणाखाली त्यांची वाफ सगळीकडे फिरते आणि एकाचं श्रेय दुसऱ्याला जातं. पंधरा दिवसांचं काम परत करावं लागलं. म्हणून एका थाळीत एकच तेल, कंट्रोलची, म्हणजे तुलनेच्या त्या दोन डिस्कची, थाळी वेगळी, आणि इन्क्युबेटरमध्ये थाळ्या एकावर एक रचताना तेलाच्या आणि बिनतेलाच्या थाळ्या एकत्र नकोत.

दुसरं, वर्तुळ मोठं म्हणजे तेल भारी असं नसतं, तेल पाण्यात मिसळत नाही त्यामुळे आगरमध्ये नीट पसरतच नाही, म्हणून खरा आकडा एमआयसीचा, म्हणजे कमीत कमी किती तेलात वाढ थांबते तो. 96 खणांची प्लेट घ्या, तेल ट्वीन 80 मध्ये (तेल-पाणी एकत्र धरणारं रसायन) घोटून ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, मिसळा, जंतू घाला, ट्वीन शेवटी 0.5 टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि दर खणात निम्मं-निम्मं करत जा. प्लेटला सील लावा, नाहीतर तेल उडून शेजारच्या खणात जातं. रात्रभर 37 अंशांना ठेवून सकाळी प्रत्येक खणात थोडं रेझाझुरिन, हा निळा रंग, टाका आणि दोनेक तास थांबा. जिथे जंतू जिवंत आहेत तिथे निळा रंग गुलाबी होतो, जिथे वाढ थांबली तिथे निळाच राहतो, आणि ती निळ्या-गुलाबीची सीमा उजेडात धरून बघताना जे वाटतं ते सांगता येत नाही, तुम्हीच बघा. निळ्या खणातला थेंब नव्या थाळीवर लावून बघा, काही उगवलं तर तेलाने जंतू फक्त थांबवले होते, मारले नव्हते.

साधारणपणे स्टॅफ लवकर हार मानतो आणि ई. कोलायला जास्त तेल लागतं. मेंथॉल, कार्व्होन ही स्निग्धात मिसळणारी रसायनं, ती जंतूच्या पेशीपटलात घुसतात, पटल ढिलं पडतं आणि आतलं बाहेर गळायला लागतं. ई. कोलायला बाहेरून अजून एक आवरण असतं, ते या रसायनांना बऱ्यापैकी अडवतं. व्हायव्हात हमखास विचारतात. आणि त्वचेला गार लागतं त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मेंथॉल आपल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना डिवचतं, एवढंच.

आता अँटिऑक्सिडंट, आणि इथेच बहुतेकांची निराशा होते. डीपीपीएच हे रसायन अँटिऑक्सिडंट भेटलं की जांभळ्याचं पिवळं पडतं; ते मिथेनॉलमध्ये बनवा, 100 मिलीला 3.9 मिलीग्रॅम म्हणजे 0.1 मिलीमोलर, गडद जांभळा रंग येतो. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात ते खराब होतं. तीन टेस्ट ट्यूब घ्या: एकीत पुदिन्याचं तेल, दुसरीत वाळलेल्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क, 1 ग्रॅम पूड 10 मिलीत रात्रभर भिजवून गाळलेला, आणि तिसरीत व्हिटॅमिन सी. तिन्हींत डीपीपीएच घाला, आणि कंट्रोल म्हणून एकीत नुसतं डीपीपीएच. अर्ध्या तासासाठी अंधारात ठेवायच्या, पण दोन-तीन मिनिटांत एकदा डोकावून बघा. व्हिटॅमिन सीची नळी पिवळी झालेली असते, पानांच्या अर्काचीही पिवळटकडे झुकलेली, आणि तेलाची नळी बघावी तर जांभळीच्या जांभळी. अर्ध्या तासानेही फारसा फरक नाही. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) 517 नॅनोमीटरला वाचन घ्या, कंट्रोलमधून सॅम्पल वजा, भागिले कंट्रोल, गुणिले 100. पानांच्या अर्काला स्वतःचा हिरवा रंग असतो, म्हणून डीपीपीएच न टाकलेल्या अर्काचं वाचन घेऊन ते वजा करायला विसरू नका.

तेल बिचारं फसलं असं नाही. डीपीपीएचला हायड्रोजन देऊन शांत करायला फिनॉल लागतात. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल हे फिनॉल आहेत, मेंथॉल नाही, ते साधं अल्कोहोल आहे, नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. पुदिन्यात रोझमेरिनिक ॲसिडसारखे फिनॉल असतात, पण ते वाफेबरोबर उडत नाहीत, डिस्टिलेशनच्या फ्लास्कमध्ये उरलेल्या तपकिरी पाण्यात राहतात. ते पाणी सगळे बेसिनमध्ये ओतून देतात! गाळून ठेवा आणि त्याचाही डीपीपीएच करा, माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला निकाल तिथे मिळतो.

निष्कर्षात तेल कमी पडलं तर तसंच लिहा, तेलाचा आकडा ओढूनताणून वर आणू नका, परीक्षक जाणकार असेल तर त्याला तोच प्रामाणिक आकडा जास्त आवडेल. काम झालं की सगळ्या थाळ्या आणि 96 खणांची प्लेट 121 अंशांना ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून, मगच टाका.

आणि उरलेलं तेल घरी नेणार असाल तर एक विनंती. नुसतं तेल अंगाला लावू नका, 10 मिली खोबरेल तेलात चार थेंब पुरे. पोटात घेऊ नका. जखमेवर डॉक्टरांच्या औषधाऐवजी तर नाहीच, थाळीत जंतू मेले म्हणून जखमेत मरतील असं नसतं. घरात तान्हं बाळ असेल तर सर्दीसाठी म्हणून त्याच्या नाकाला, छातीला किंवा उशीला हे तेल अजिबात लावू नका, मेंथॉलच्या वासाने लहान बाळाचा श्वास अडकू शकतो. बाटली वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवा.