बोटीवर शोअर पॉवरचा (किनाऱ्यावरच्या लाइनवर चालणारा) बॅटरी चार्जर बसवायचाय? वायर, फ्यूज आणि अर्थिंगचं आधी बघा

चार्जर बल्कहेडला (बोटीच्या आतल्या आडभिंतीला) चार स्क्रूने बसवणं हे अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी कोणाला गाइड लागत नाही. खरी गोम वायर, फ्यूज आणि अर्थिंगमध्ये असते, म्हणून इथे जास्त त्यावरच लिहितोय. १२ व्होल्टची बाजू हौशी माणूसही नीट करू शकतो. २३० किंवा १२० व्होल्टच्या बाजूला हात बसलेला नसेल तर वायरी ओढून ठेवा, पण लाइन चालू करायच्या आधी बोटीचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवाच. खाली पाणी आहे, इथे उगाच शूरपणा नको.

आधी किती अँपिअरचा घ्यायचा ते ठरवू. पाणी घालायची साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर बँकेच्या (जोडलेल्या बॅटऱ्यांच्या गटाच्या) अँपिअर-अवरच्या १० ते २० टक्के, एजीएम (सीलबंद लेड-ॲसिडचा एक प्रकार) असेल तर २०-२५ टक्के, आणि लिथियम फॉस्फेट बऱ्याचदा ५० टक्क्यांपर्यंत घेते पण तिथे बीएमएसची (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटची) लिमिट काय आहे ते बघूनच. म्हणजे २०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड हाउस बँक (दिवे, फ्रिज चालवणारी) असेल तर ३० अँपिअरचा मस्त चालेल. चार्जिंग चालू असताना फ्रिज वगैरे जे काही चालतं ते चार्जरच्याच जिवावर चालतं, तेवढे अँपिअर वर धरा. मोठा चार्जर घेतला की सगळं पटापट भरेल असं मात्र नाही, लेड-ॲसिड ८० टक्क्यांपर्यंत झटपट जाते आणि पुढे बॅटरीच करंट कमी कमी घेते, शेवटचे २० टक्के काही तास खातातच, तिथे ६० अँपिअरचा लावला तरी फरक नाही.

किनाऱ्याच्या लाइनवर किती लोड येईल याची चिंता बरेच जण करतात. ३० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ४३२ वॅट, लॉस धरून ५०० म्हणा. २३० व्होल्टवर हे साधारण सव्वादोन अँपिअर होतात आणि १२० व्होल्टवर चारच्या आसपास. स्वस्तातला, पॉवर फॅक्टर करेक्शन नसलेला चार्जर थोडे जास्त ओढतो. १६ किंवा ३० अँपिअरच्या पॉइंटवर याचं काहीच ओझं नाही.

गाडीचा गॅरेजमधला चार्जर कायमचा बसवायच्या भानगडीत पडू नका. बल्क (पूर्ण करंट), ॲब्सॉर्प्शन (व्होल्टेज ठरलेलं, करंट घटत जातो), फ्लोट (भरलेली बॅटरी तशीच टिकवणं) अशा तीन स्टेजचा, बोटीसाठीच बनवलेला आणि इनपुट-आउटपुट आतून एकमेकांपासून वेगळे ठेवणारा घ्या. बॅटरीचा प्रकार सेट करायला डिप स्विच नाहीतर ॲप असतं, ते चालू करायच्या आधीच करा. साधारण १४.४ ला ॲब्सॉर्प्शन आणि १३.५ ते १३.८ ला फ्लोट असतो, जेल बॅटरीला थोडं कमी लागतं, शेवटी बॅटरीच्या पुस्तिकेत जे आहे तेच खरं. लेड-ॲसिडसाठी टेंपरेचर सेन्सर मिळत असेल तर नक्की लावा, बॅटरी तापली की व्होल्टेज खाली आणावं लागतं आणि बंद लॉकरमधली बॅटरी तापते. लिथियम असेल तर इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल सारखे करणं) बंद, आणि शून्य डिग्रीच्या खाली चार्जिंग अजिबात नाही.

जागा निवडताना बॅटरीच्या जवळ, पण बरोबर डोक्यावर नको. चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, आणि ॲसिडची वाफ चार्जरच्या आत जाऊन बोर्ड खाते ते वेगळंच. कोरडी जागा, बिल्जपासून (बोटीच्या तळात पाणी साचतं तिथून) वर, वर-खाली दहाएक सेंटीमीटर मोकळं. पेट्रोल इंजिनच्या खोलीत मुळीच नाही, इग्निशन प्रोटेक्टेड (ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटणार नाही) असा स्पष्ट शिक्का असेल तरच.

आता वायर. चार्जर बॅटरीपासून ३ मीटरवर आहे असं धरू, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तांबं. ३० अँपिअरला ६ चौरस मिमीची वायर टाकली तर तिच्यातच अर्धा व्होल्ट जातो, १० ची टाकली तर ०.३ आणि १६ ची टाकली तर ०.२. अर्ध्या व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण चार्जर आपल्या टर्मिनलवर १४.४ बघतो तेव्हा बॅटरीला १३.९ च मिळत असतात, त्याला वाटतं झालं भरून आणि तो बल्क लवकर आवरता घेतो. बँक रोज थोडी अर्धपोटी राहते आणि दोष मात्र बॅटरीला जातो. १२ व्होल्टवर ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट, तेवढ्याच्या आत राहा. १० ची बसते पण मी १६ चीच टाकेन, पैशातला फरक फार नसतो. वायर टिन केलेली (तांब्यावर कथिलाचा थर असलेली), बारीक तारांची घ्या. लग (वायरीच्या टोकाला बसणारं टर्मिनल) चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबा आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक. पक्कडीने चेपलेला लग ओढून बघा, हातात येतो.

फ्यूज कुठे लावायचा यावर खूप गोंधळ असतो. प्लस वायरमध्ये, बॅटरीच्या टोकाला, तोही शक्य तितका जवळ. एबीवायसी या बोटींचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं स्टँडर्ड सरसकट ७ इंच म्हणजे सुमारे १८ सेंमी सांगतं, वायर बाहेरून नळीत वगैरे झाकलेली असेल तर जास्त अंतराची सूट मिळते. कारण साधं आहे, चार्जर ३० अँपिअरच्या पुढे फार काही देऊ शकत नाही पण वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी हजारभर अँपिअर ओतू शकते, म्हणजे धोका बॅटरीकडून येतो. ३० च्या चार्जरला ४० चा फ्यूज. मोठ्या लिथियम बँकेला क्लास टी प्रकारचा फ्यूज लागतो, साधा फ्यूज तेवढा शॉर्ट-सर्किट करंट तोडू शकत नाही.

चार्जरची प्लस वायर मेन बॅटरी स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला लावा, म्हणजे स्विच बंद करून घरी गेलात तरी चार्जिंग चालू राहील. मायनस मात्र थेट बॅटरीवर नाही, बॅटरी मॉनिटर असेल तर शंटच्या (मॉनिटर ज्यातून करंट मोजतो त्या पट्टीच्या) लोडकडच्या बाजूला. इथे चुकलं की मॉनिटरला चार्जरचा करंट दिसतच नाही आणि तो टक्के भलतेच दाखवत बसतो. काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी काढा, लावताना सगळ्यात शेवटी, आणि बोटातली अंगठी काढून ठेवा.

आता एसी. शोअरचा इनलेट (किनाऱ्याची केबल बोटीला लागते ते सॉकेट), तिथून ३ मीटरच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा ब्रेकर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), मग चार्जरला स्वतःचा छोटा ब्रेकर. या छोट्या ब्रेकरपुढची वायर २.५ चौरस मिमीची तीन कोअर, बारीक तारांचीच, घरातली एक जाड तार असलेली नाही कारण बोट हलते आणि ती तार आतल्या आत तुटते. वायरिंग सुटं लोंबकळू देऊ नका, डीसीच्या वायरींपासून लांब ठेवा. न्यूट्रल आणि अर्थ बोटीवर एकमेकांना जोडायचे नाहीत, ते काम किनाऱ्यावर झालेलं असतं (आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे किनाऱ्याची लाइन आणि बोटीची लाइन एकमेकांपासून वेगळी ठेवणारा, असेल तर गणित वेगळं).

सगळ्यात जास्त उद्योग लोक हिरव्या वायरीशी करतात. किनाऱ्याची अर्थ जोडली की धक्क्यावरच्या सगळ्या प्लग केलेल्या बोटी त्या एका वायरीने एकमेकींना जोडल्या जातात, खाली खारं पाणी असतंच, म्हणजे तुमचा झिंक ॲनोड आणि शेजाऱ्याचा ब्राँझचा पंखा (प्रोपेलर) मिळून एक बॅटरी तयार झाली. झिंक भराभर खपतं, ते संपलं की पाळी तुमच्या शाफ्ट-पंख्याची. हे कळल्यावर काही शहाणे सरळ अर्थ कापून टाकतात. कृपा करून हे करू नका. चार्जरच्या आत फॉल्ट झाला तर फेज डीसी मायनसवर येऊ शकते, तिथून इंजिन, शाफ्ट आणि पाणी, आणि अर्थच नसेल तर ब्रेकर पडायला वाटच नाही. गोड्या पाण्यात तर अजून वाईट, कारण माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा करंट चांगला वाहून नेतं, बोटीजवळ पोहणारा माणूस लुळा पडून बुडू शकतो.

यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. अर्थ वायरीत, इनलेटच्या लगेच मागे बसवायचा. आत डायोड असतात, व्होल्टभराच्या आतला गंजवणारा डीसी ते अडवतात आणि खरा फॉल्ट आला की पूर्ण करंट जाऊ देतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर याहून चांगला पण जड आणि महाग, छोट्या बोटीला बहुतेक वेळा आयसोलेटर पुरतो. चार्जरच्या बॉडीलाही अर्थ हवीच, पुस्तिकेत त्या वायरीची जाडी दिलेली असते.

चालू करताना आधी डीसीची पोलॅरिटी मीटरने तपासा, उलटी लागली तर आतला फ्यूज जातो आणि काही मॉडेलमध्ये तो बोर्डावर सोल्डर केलेला असतो. मग चार्जरचा ब्रेकर बंद ठेवून केबल आधी बोटीला लावा, नंतर किनाऱ्याला. काढताना उलटं, किनारा आधी, म्हणजे जिवंत टोक हातात घेऊन पाण्यावरून उडी मारायची वेळ येत नाही. फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना ते बघा, आरसीडीचं टेस्ट बटण दाबा, पडला पाहिजे. मग चार्जर चालू, आणि बल्कमध्ये पूर्ण करंट असताना आधी चार्जरच्या टर्मिनलवर आणि मग थेट बॅटरीच्या खांबावर व्होल्टेज मोजा, फरक ०.४ च्या वर आला तर कुठलातरी लग किंवा फ्यूज होल्डर ढिला आहे. अर्ध्या तासाने डीसीच्या जोडण्यांना हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसला तर बंद करून तो लग परत क्रिंप करा.

बोट एक-दोनदा लाटांत फिरून आली की सगळे नट पुन्हा एकदा पाना लावून बघा, हादऱ्याने हमखास सैल होतात. साधी बॅटरी सतत फ्लोटवर राहणार असेल तर महिन्यातून एकदा झाकणं उघडून पाणी बघा, आणि कमी असेल तर डिस्टिल्डच घाला.