फॉर्टिन बॅरोमीटरचं रीडिंग घ्यायचंय? आधी थर्मामीटर बघा

प्रॅक्टिकलला फॉर्टिन बॅरोमीटर (हवेचा दाब मोजायचं पाऱ्याच्या नळीचं उपकरण) आला की सगळे पहिलं काय करतात, तर डोळे बारीक करून पाऱ्याची उंची वाचायला लागतात, मी पण तेच करायचो. चूक. आधी त्याच्यावरच बसवलेल्या थर्मामीटरचं रीडिंग लिहून घ्या, कारण तुम्ही समोर उभे राहिलात की अंगाच्या उष्णतेनेच तो चढायला लागतो, त्यात मुंबईची लॅब आणि पंखा बंद, मग तर विचारूच नका.

आता तळाचा स्क्रू हळूऽ फिरवा. खालच्या भांड्यातला पारा वर येतो आणि त्यात वर बसवलेल्या हस्तिदंती टोकाचं प्रतिबिंब दिसतं, टोक आणि प्रतिबिंब जेमतेम टेकले की थांबायचं, खळगा पडला तर जास्त फिरवलंत. स्केलचा शून्य तिथेच आहे ना! हवा दाबते ती याच खालच्या पाऱ्यावर, नळीत वर पोकळी आहे त्यामुळे तिकडून उलटं दाबायला कोणी नाही, म्हणून पारा चढून राहतो. टोरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाची आयडिया, १६४३ ची. पाण्याने केलं असतं तर १० मीटरच्या वर नळी लागली असती, चाळीत तीन मजले भोक पाडत बसा, पारा १३.६ पट जड म्हणून ७६ सेंटीमीटरात भागतं.

मग नळीला हलकी टिचकी मारा, पारा काचेला अडकून राहतो कधीकधी. पाऱ्याचा माथा फुगीर असतो, व्हर्नियरची (स्केलवरच्या सरकत्या बारीक पट्टीची) खालची कड बरोब्बर त्या माथ्याला टेकवा, डोळा त्याच लेव्हलला.

समजा ७५७.२ मिमी आलं आणि थर्मामीटर ३० अंश दाखवतोय. हा आकडा तसाच जर्नलमध्ये लिहिलात तर मेलात. गरम पारा प्रसरण पावून उंच दिसतो, त्याचे ३.७ वजा. मुंबईत गुरुत्वाकर्षण स्टँडर्डपेक्षा किंचित कमी, त्याचे अजून १.६ वजा. उरले ७५१.९, गुणिले १.३३३२, म्हणजे साधारण १००२.४ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक). लॅब समुद्रसपाटीपासून १२ मीटर वर असेल तर समुद्रसपाटीचा दाब काढायला १.४ मिळवा, झाले १००३.८. जुलैत मुंबईत एवढाच असतो, तेव्हा कमी आला म्हणून वादळ येतंय असं समजू नका. कुलाबा वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघायचं तर हाच शेवटचा आकडा घ्या, नळीवरचा नाही, आणि वेळ पण तीच धरा, कारण सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारला उतरलेला, रोजच.

आणि हो, पारा सांडला तर हात लावू नका, झाडू तर अजिबात नको, खिडक्या उघडा आणि सरांना बोलवा.