रोस्टरचा सांधा आणि सुट्ट्यांचा हिशोब

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. माझ्या सुट्ट्यांभोवती त्यावर निळ्या पेनाने गोल केलेले असतात. 2025च्या ऑगस्टच्या पानावर शेवटचा गोल 31 तारखेला होता, गौरी आवाहनाचा. पान उलटलं की 1 सप्टेंबर, गौरीपूजन, आणि त्या चौकटीत मी लिहिलं होतं, 'रिपोर्टिंग 5.10', म्हणजे ड्युटीवर हजर व्हायची वेळ. ऑगस्टच्या रोस्टरमध्ये, म्हणजे विमान कंपनीच्या ड्युटीच्या वेळापत्रकात, 31च्या सुट्टीची मागणी बसली होती. सप्टेंबरचं रोस्टर वेगळं निघालं आणि त्यात 1-2 बसले नाहीत. सासूबाई पुरण वाटत होत्या तेव्हा मी नागपूरच्या धावपट्टीवर होते.

सहा वर्षं को-पायलट असूनही दोन रोस्टरमधला हा सांधा मला तेव्हाच नीट दिसला. नवी मुलं-मुली मला टाइप रेटिंगचं, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या परवानगीचं विचारतात, सिम्युलेटरचं विचारतात, पगाराचं तर विचारतातच. रोस्टरचा कालखंड किती दिवसांचा आणि तो कुठल्या वारी सुरू होतो, हे अजून कुणी विचारलेलं नाही. घरी जेवायला कधी असणार, हे मात्र त्यावरच ठरतं.

आधी एक फरक लक्षात घ्या. नियमाने मिळणारी साप्ताहिक विश्रांती वेगळी आणि रोस्टरवर सुट्टी म्हणून दिसणारा 'ऑफ' वेगळा. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नव्या नियमांनी 1 जुलै 2025पासून साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून सलग 48 तासांची झाली, त्यात दोन स्थानिक रात्री यायला हव्यात. एक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत 168 तासांहून जास्त जाता कामा नयेत. ही मोजणी घड्याळावर चालते, महिना बदलला म्हणून ती शून्यावर येत नाही. समजा, बुधवारी पहाटे 3.20ला उतरलात आणि शुक्रवारी सकाळी 9ला रिपोर्टिंग आहे. ॲपवर बुधवार-गुरुवार ऑफ दिसतील आणि नियमही पाळला गेला असेल. पण ठाण्याला पोहोचून पडदे ओढून झोपलात की दुपारी दोनला उठाल. तो बुधवार गेलाच. म्हणून मी तारखा मोजत नाही, घरच्या अंथरुणावरच्या रात्री मोजते.

या हिशोबाने तीस दिवसांत विश्रांतीचे सहा-सात दिवस कंपनीने आम्हाला द्यावेच लागतात. त्यावरच्या सुट्ट्या कंपनीच्या धोरणावर किंवा करारावर असतात आणि कालखंड बदलला की धक्का बसतो तो या वरच्या सुट्ट्यांना.

आमच्याकडे असंच झालं. कॅलेंडर महिना जाऊन 28 दिवसांचा कालखंड आला. आधी महिन्याला 10 ऑफ होते, आता कालखंडाला 9. ऐकायला ठीक वाटतं, कारण दिवसही कमी झाले. मी वहीत मांडून पाहिलं. बारा महिन्यांचे 120 ऑफ होते. 28 दिवसांचे कालखंड वर्षात 13, म्हणजे 117. उडत्या सहकाऱ्यांपैकी कित्येकांनी ही आकडेमोड केलीच नव्हती, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. आम्ही काही जणांनी ती लेखी पाठवली. दोन बैठकांनंतर दर चौथ्या कालखंडात एक जादा ऑफ मंजूर झाला आणि 120चे 120 भरले.

अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्यांनी वेगळी वाट काढली आहे. तिथे बारा कालखंडच आहेत, पण जानेवारी 30 तारखेला संपवतात आणि 'फेब्रुवारी' 31 जानेवारी ते 1 मार्च धरतात. त्यामुळे फेब्रुवारीही तीस दिवसांचा होतो आणि कामाचे व सुट्ट्यांचे दिवस सारखे वाटले जातात. मला ही पद्धत आवडते, पण सांधा तिथेही राहतोच.

28 दिवसांच्या कालखंडाची मला पटलेली गोष्ट म्हणजे तो नेहमी एकाच वारी सुरू होतो. तो वार सोमवार असेल तर शनिवार-रविवार एकाच रोस्टरमध्ये येतात. रविवार असेल तर दर चौथ्या आठवड्याला शनिवार एका रोस्टरमध्ये आणि रविवार दुसऱ्यात, दोन वेगळ्या मागण्या, आणि दोन्ही मिळतील याची खात्री नाही. मुलं शाळेत जाणारी असतील तर हा फरक घरात जाणवतो.

रजेचंही विचारून ठेवा. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा दाखवता येणार नाही, अशी अट नव्या नियमांत होती. डीजीसीएने ती 5 डिसेंबर 2025ला मागे घेतली. तेव्हा तुमच्या चार दिवसांच्या रजेत कंपनी साप्ताहिक विश्रांती मोजते का, हे रुजू होतानाच लेखी घ्या.

ठाण्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. 25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. पहाटेचं रिपोर्टिंग अंधेरीच्या बाजूला की उलव्याला, यावर कॅब दाराशी किती वाजता येणार ते ठरतं. ड्युटी मोजली जाते रिपोर्टिंगपासून, झोप मोडते कॅबच्या फोनने. ऑफ संपल्यावरची पहिली ड्युटी कुठून आहे ते आधी बघा, मगच आदल्या रात्रीच्या जेवणाला हो म्हणा.

यंदाच्या कालनिर्णयावर मी प्रत्येक कालखंडाच्या शेवटी हिरवी रेघ मारली आहे. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. रेघ त्या आठवड्यात येत नाही, हे मी जानेवारीतच सासूबाईंना दाखवलं.