चेहऱ्याची लाली झाकताना या चुका टाळा

लाली दाबायला फाउंडेशनच्या खाली लावतात ते हिरवं करेक्टर लावलं आणि चेहरा उजळण्याऐवजी राखाडी, आजारी दिसायला लागला, अशी तक्रार बरेच जण करतात आणि दोष देतात स्वस्त ब्रँडला. माझ्या मते हा अन्याय आहे. लाली दाबण्याचं काम कमी किमतीचं करेक्टरही चोख करतं. घोळ होतो तो बहुतेक वेळा प्रमाणात आणि लावण्याच्या पद्धतीत.

रंगचक्रात हिरवा लालच्या समोर येतो. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा भडकपणा मारतात. त्वचेचा रंग मात्र त्यातून मिळत नाही, तो वरून लावलेल्या फाउंडेशनने किंवा कन्सीलरने येतो. हे लक्षात न घेतल्यामुळेच सगळ्यात मोठी चूक होते: लाली पार दिसेनाशी होईपर्यंत हिरवा थर चढवत राहणं. तेवढा हिरवा झाकायला मग फाउंडेशनही जाड लावावं लागतं, आणि तासाभरात नाकाच्या कडेला सगळं गोळा होतं. लाली अर्धीअधिक फिकी झाली की हात थांबवा.

नाकपुड्यांच्या बाजूची लाली घ्या. मुगाच्या दाण्याहूनही कमी करेक्टर हाताच्या पाठीवर घ्या, बोटाने जरा चोळून मऊ करा आणि अनामिकेच्या टोकाने फक्त लाल भागावर टिपा. घासू नका. घासल्याने थर सरकतो आणि त्वचा आणखी लाल होते. कडा मात्र ओलसर स्पंजने विरघळवा, नाहीतर हिरव्याची रेघ उठून दिसते. एक-दोन मिनिटं थांबून त्यावर फाउंडेशनही टिपूनच लावा. ब्रशने ओढलंत तर खालचा हिरवा त्यात मिसळतो आणि चेहऱ्यावर तोच राखाडीपणा येतो. एखाददुसऱ्या पुळीसाठी अख्ख्या गालावर हिरवा फासायची गरज नसते. तिथे बारीक ब्रशने ठिपका पुरे.

रंगाची निवडही बघा. गोऱ्या त्वचेवर फिकट पुदिना हिरवा चालतो, पण तोच सावळ्या किंवा गडद त्वचेवर पांढुरका, राखेसारखा दिसतो. तिथे थोडा गडद, ऑलिव्हकडे झुकणारा हिरवा बघा. लाली हलकीच असेल तर पिवळसर कन्सीलरवरही भागतं. डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर हिरवा लावून उपयोग नाही, त्याला पीच किंवा नारिंगी लागतो.

करेक्टरच्या गुठळ्या, शेवया निघत असतील तर दोष बहुधा खालच्या थराचा असतो. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन नीट मुरू द्या, मगच करेक्टर लावा. सिलिकॉनयुक्त प्रायमरवर (मेकअपआधी लावायचा गुळगुळीत थर) पाण्याचा बेस असलेलं करेक्टर पुष्कळदा टिकत नाही, म्हणून दोन्हींचा बेस सारखा ठेवा. कोरडी, सालपटं निघालेली जागा असेल तर पावडर टाळा किंवा अगदी नावापुरती लावा.

आरशासमोर पिवळ्या दिव्यात तपासलेला मेकअप बाहेर फसवतो. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात एकदा बघा.

नवीन उत्पादन थेट अख्ख्या चेहऱ्यावर लावू नका. जबड्याजवळ किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून काही दिवस पाहा. संवेदनशील त्वचेला सुगंधी द्रव्यं आणि मेन्थॉल त्रास देऊ शकतात, त्यामुळे बिनसुगंधी उत्पादन घेतलेलं बरं. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि शेजारी 12M असेल तर उघडल्यापासून १२ महिन्यांत ती संपवायची असते.

लालीसोबत जळजळ, खाज, पुरळ असेल किंवा ती आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचाविकार) असू शकतो, ॲलर्जी असू शकते, आणि सल्ल्याविना चेहऱ्यावर लावलेल्या स्टेरॉइड क्रीमचाही परिणाम असू शकतो. असं क्रीम सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, आणि मनानेच एकदम बंद करू नका, कारण त्याने लाली उलट भडकू शकते.