गाव महापालिकेत जाणार? हरकत नोंदवण्याआधी कारभाराचा खर्च असा काढा

हद्दवाढीची प्रारूप अधिसूचना (सरकारी मसुदा) निघाली की हरकती-सूचनांसाठी मोजकेच दिवस असतात. ‘कर वाढेल’ एवढंच लिहिलेली हरकत सहज बाजूला पडते, म्हणून हिशेब आधीच तयार ठेवा.

ग्रामपंचायतीकडून मागच्या ३ वर्षांचा जमाखर्च, नमुना ८ (कर आकारणी) आणि नमुना ९ (मागणी व वसुली) मागवा. दिले नाहीत तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे हे लक्षात घेऊन लवकर. अंदाजपत्रकातले आकडे घेऊ नका, प्रत्यक्ष खर्चाचेच घ्या. अंदाज बहुतेकदा फुगलेले असतात.

खरी चूक पुढे होते. पंचायतीच्या वहीत कारभार स्वस्त दिसतो, कारण अर्धा खर्च आस्थापनेत (पगार आणि कार्यालयीन खर्चाच्या शीर्षात) येतच नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीच्या ग्रामसेवकाचा) पगार जिल्हा परिषदेमार्फत होतो, शाळेच्या शिक्षकांचाही. ठेकेदाराकडच्या सफाई कामगारांची मजुरी ‘स्वच्छता’ या शीर्षाखाली जाते, आस्थापनेत नाही. समजा, २०,००० लोकवस्तीच्या गावात वहीतला आस्थापना खर्च ४० लाख आहे. ग्रामपंचायत अधिकारी आणि इतरत्र नोंदलेले कर्मचारी यांचे १२ लाख आणि कंत्राटी मजुरीचे २८ लाख मिळवले की ८० लाख होतात. माणशी २०० वाटणारा खर्च ४०० रुपये निघतो. लोकसंख्येसाठी २०११ च्या जनगणनेवर विसंबू नका. शहरालगतच्या गावांत ती कधीच मागे पडली आहे. नमुना ८ मधल्या मिळकती आणि नळजोड यांवरून अंदाज बांधा.

महापालिकेच्या बाजूनेही हीच शीर्षं जोडा, निवृत्तिवेतनासकट. मात्र त्यांचा माणशी सरासरी खर्च गावाच्या लोकसंख्येने गुणू नका. गाव आलं म्हणून आयुक्त किंवा मुख्य लेखापाल दोन होत नाहीत. तो खर्च जवळपास तेवढाच राहतो. कचरा, पाणी, दिवाबत्ती यांचा खर्च मात्र वस्तीबरोबर वाढतो, आणि विखुरलेल्या वस्तीत जास्तच वाढतो. त्यात पंचायतीचे कर्मचारी सामावून घेतल्यावर होणारी वेतनवाढ धरा. विलीनीकरणाने बचत होते ती मुख्यालयाच्या खर्चात, गल्लीतल्या कामात क्वचितच.

महापालिकेचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेपुढे गेला असेल तर नोकरभरती अडते. मग गाव हद्दीत येतं, पण त्यासाठी नवे कर्मचारी येत नाहीत. हा आकडा जरूर तपासा.

जमेच्या बाजूतून वित्त आयोगाचा पंचायतीला थेट मिळणारा निधी वजा करा, कारण पंचायत गेली की तोही जातो. मिळकतकर एकदम पूर्ण लागत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२९-अ नुसार तो टप्प्याटप्प्याने चढतो. म्हणून पहिल्याच वर्षाची तुलना फसवी ठरते, हिशेब किमान ५ वर्षांचा करा.

पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. त्यांतल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीसाठी २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद झाली. एकदा गेलेलं गाव बाहेर येऊ शकतं, पण मालमत्ता, कर्मचारी, थकबाकी यांची वाटणी पुन्हा करावी लागते.

हरकत दोन पानांत बसवा: पहिल्यावर तक्ता, दुसऱ्यावर मागण्या. पाणी आणि सांडपाणी वाहिन्या कोणत्या वर्षी, किती निधीतून होणार, हे लेखी मागा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.