चार गुंठे, एक आंबा आणि करवंदाचं कुंपण

धाकट्या बहिणीने साताऱ्याजवळ चार गुंठ्यांचा प्लॉट घेतला, घर उभं राहिलं, आणि मार्चमध्ये तिचा फोन आला तो थेट नर्सरीतून. "ताई, हापूस घेऊ का केसर?" म्हटलं, आत्ता रिकाम्या हाताने घरी जा. रोपं यादीत फार खाली येतात. मग जी यादी सांगितली, ती ही.

सगळ्यात आधी मोजणीचा नकाशा काढायचा आणि हद्दीचे दगड जागेवर आहेत ना ते पाहायचं. कुंपणाची रोपं शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तर तीन वर्षांनी भांडण उगवतं, तेही ऐन फळं धरताना. जिवंत कुंपण हद्दीच्या दोन फूट आत घ्यायचं, म्हणजे पलीकडची बाजू छाटायलाही आपल्याच जमिनीवर उभं राहता येतं.

मग एक मोठा कागद. त्यावर घर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, जमिनीखालचे पाइप आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा. एका रविवारी सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला सावली कुठे पडते ते पेन्सिलीने आखायचं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उंच होणारी झाडं उत्तरेला आणि बुटकी दक्षिणेला. पश्चिमेला मात्र एखादं डेरेदार झाड हवंच. मे महिन्यात चारच्या उन्हाने तापलेली भिंत रात्री अकरापर्यंत झोपू देत नाही.

आता आंबा. पारंपरिक अंतर दहा मीटर, म्हणजे एका झाडाला ३३ फूट बाय ३३ फूट. हा बरोबर एक गुंठा झाला. चार गुंठ्यांतला एक गुंठा एकट्या आंब्याला! दरवर्षी छाटणी करून डेरा आटोक्यात ठेवणार असाल तर सोळा फुटांत भागतं, पण छाटायला मन घट्ट लागतं, आणि आमच्या घरात ते कुणाकडेच नाही. घाटावर केसर हापूसपेक्षा भरवशाचा, हे माझं मत. बाकी एक पेरू, एक सीताफळ, एक कागदी लिंबू, मोरीच्या पाण्यावर दोन केळी. पेरू सरदार घे म्हटलं, म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी त्याची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीत झाली, तेव्हा तो आपलाच. पपईची गावठी रोपं लावायची तर एका खड्ड्यात तीन लावायची आणि फुलं आल्यावर नर काढून टाकायचे. नारळ छपराजवळ आणि गाडीच्या जागेवर नको.

कुंपणाचा हिशेब तिला पटेना, म्हणून आकडेच मांडले. प्लॉट ६६ बाय ६६ फूट. तीन बाजूंना करवंद, म्हणजे १९८ फूट. दीड फुटावर एक रोप धरलं तर एका ओळीला १३२ आणि नागमोडी दुहेरी ओळीला २६४. एवढी रोपं जूनमध्ये ऐनवेळी मिळत नाहीत, आधी सांगून ठेवावी लागतात. घरी बियांपासून करायची तर पिकलेली करवंदं खाल्ल्यावर बी लगेच टाकायचं. वाळवून ठेवलेलं रुजेलच असं नाही, आणि रोपं लावणीजोगी व्हायला पुढचा पावसाळा उजाडतो. तोवर तारेचं कुंपण. रस्त्याच्या बाजूला काटे कशाला, तिथे मेंदी. दोन्हींचा शेंडा फूटभर उंचीवर खुडायचा, नाहीतर वर गर्द आणि खाली कुत्रं आत येण्याएवढी भोकं. शेर लवकर वाढतो म्हणून कुणी सुचवेल. घरात लहान मूल असेल तर नको, त्याचा चीक डोळ्यांत गेला की मोठं दुखणं. कण्हेरही विषारी. वानरांना यातलं काहीच अडवत नाही, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये. आंब्याला तीन फूट लांब, रुंद, खोल. बाकीच्यांना दोन फूट पुरे. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, आणि मुरूम परत खड्ड्यात जाता कामा नये. नव्या घराभोवती हमखास चुकतं ते इथेच. गवंडी सिमेंट आणि विटांचे तुकडे मातीखाली गाडून निघून जातात, आणि पुढे लिंबाची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कोरड्या मातीवर थोडं व्हिनेगर टाकून पाहायचं. फेस आला तर त्या मातीत चुना आहे, ती बदलायची. एका खड्ड्यात पाणीही भरून पाहायचं. दुसऱ्या दिवशी तसंच साचलेलं दिसलं तर जागा बदल. खड्डे पंधरा दिवस उन्हात तापले की तळाला पालापाचोळा, वर चांगली माती आणि दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. ताजं शेण घातलं तर वाळवीला आमंत्रण. खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरायचा, पावसाने माती खाली बसते.

पाणी कुठून, हे मेच्या पाण्यावरून ठरवायचं, जुलैच्या नव्हे. पहिले दोन उन्हाळे जगवायचे आहेत. ठिबक नसेल तर प्रत्येक झाडाशेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरून ठेवायचं.

मग मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की नर्सरी. आंब्याचं कलम उंच आहे म्हणून घ्यायचं नाही, सांधा भरलेला आहे का ते बघायचं. लावताना तो सांधा मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, बांधलेली पट्टी जुळल्यावर सोडली पाहिजे, आणि सांध्याखालून येणारी फूट दिसेल तेव्हा काढून टाकायची. ती वाढली तर आंबा येईल, पण तो रायवळ.

खड्डे झालेत. मेंदी आणि करवंद सांगून ठेवलंय. आंबा एक की दोन, यावर तिचं आणि भावजींचं अजून जमलेलं नाही.