मगरीचं मटण शिजवायचं तर शिट्ट्या नकोत

बेळगाव-खानापूरकडची पोरं ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत गेली की कधीतरी मगर नाहीतर अ‍ॅलिगेटरच्या मटणाचं पाकीट घरी येतंच. मग आईला फोन. तर पहिली गोष्ट, कुकर बाहेर काढू नका. शेपटीचं मांस पांढरं, बिनचरबीचं; जरा जास्त शिजलं की चिवट. कडेची चरबी काढून टाका, उग्र वास तिचाच असतो. धाग्यांना आडवे पातळ काप करून तासभर ताकात ठेवा. मग निथळून, आपला कांदा-लसूण मसाला, मीठ लावून कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. आत कच्चं राहता कामा नये; थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस. पायाचं मांस मात्र रश्श्यातच, मंद आचेवर.

हे सगळं तिकडच्या परवान्याच्या दुकानातल्या मटणाचं. इकडं कृष्णेतली किंवा शेजारच्या दांडेलीत काळी नदीतली मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार आणि विक्री, दोन्ही गुन्हा. आणि जंगलाकडेच्या ढाब्यावर कुणी हळूच "रानडुक्कर आहे बघा" म्हटलं, तर सरळ गावठी कोंबडी सांगा.